गावठाण वाढले, स्मशानाचे काय?

जुन्या गावात पांढरी आणि काळी यांची हद्द कुणाला विचारावी लागत नसे. पांढरीत वस्ती, काळीत शेती आणि दोन्हींच्या कडेला, ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला स्मशान. बारामती तालुक्यात निरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावांच्या पट्ट्यात ही हद्द आता पुसट होत चालली आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, त्यावरचा ऊस, जवळचा सोमेश्वर साखर कारखाना, त्यातून आलेला पैसा आणि रस्त्याकडेला सरकलेली घरे-दुकाने यांनी गावे पसरत गेली. स्मशान मात्र जागचे हलत नाही. वस्ती त्याच्या अंगावर चालून जाते तेव्हा, किंवा नवी स्मशानभूमी करायची वेळ येते तेव्हा, ती घरापासून, शाळेपासून, विहिरीपासून किती लांब असावी हे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवायचे, हा साधा वाटणारा प्रश्न आहे. तो बहुधा निघतो तेव्हा गावात एक मृतदेह दारात ठेवलेला असतो, आणि त्या घटकेला शांतपणे मोजमाप करायला कुणीच तयार नसते.

कायद्याच्या पुस्तकांत या प्रश्नाची उत्तरे तुकड्यातुकड्यांनी सापडतात. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत दफन आणि दहनभूमी हा विषय दहाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे नियम करायचे ते राज्याने. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांच्या कामांमध्ये, स्मशानभूमीसोबत विद्युतदाहिनीचाही उल्लेख आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत शेतीपासून वाचनालयापर्यंत पुष्कळ काही आहे, स्मशान नाही. गावाला स्मशान असतेच, त्याचे वेगळे काय लिहायचे, असे गृहीत धरले गेले असावे. ज्या गावात मयत झाली की जागेवरून भांडण सुरू होते, तिथे हे गृहीतक फार महाग पडते.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाने दहन-दफनभूमीची सोय आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे सोपवली आहे. जागा मात्र बऱ्याचदा महसूल खात्याची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन गायरान, खळे, बाजार, स्मशान अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवू शकतात. एकदा राखलेली जागा त्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नाही. ओटा, शेड, पोहोच रस्ता यांसाठी पैसा जिल्हा वार्षिक योजनेतल्या जनसुविधा अनुदानातून येतो. जागा एकाची, देखभाल दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याकडून. या तिघांनाही न पडलेला प्रश्न म्हणजे अंतर. कलम २२ जागा राखते. ती वस्तीपासून किंवा पिण्याच्या पाण्यापासून किती मीटरवर असावी, याबद्दल ते कलम काही बोलत नाही.

त्यात कलम ४२-ड आले. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर भरल्यावर आणि विकास नियमांच्या अधीन राहून, निवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानले जाते. हेतू चांगलाच होता. दोन खोल्यांचे घर बांधायला शेतकऱ्याने एनएसाठी तहसील कचेरीचे हेलपाटे का घालावेत? पण जुन्या गावाचे स्मशान कुठे असते, हेही त्याच वेळी पाहायला हवे होते. तिरडी खांद्यावरून चालत न्यायची असल्याने ते गावापासून फार लांब कधीच नव्हते. पुष्कळ ठिकाणी ते नेमके या २०० मीटरांच्या पट्ट्यात येते. कलमाने या पट्ट्यात घराची वाट मोकळी केली, स्मशानाभोवती मात्र कोरी जागा सोडायला सांगितले नाही. पुढे त्या घरात लहान मूल दम्याने धापा टाकू लागते आणि ग्रामपंचायतीत अर्ज येतो, की स्मशान हलवा.

इतरांनी अंतराचे आकडे लिहून ठेवले आहेत. तमिळनाडूच्या ग्रामपंचायतींसाठी १९९९ च्या नियमांत घर किंवा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ९० मीटर अंतर सांगितले आहे. केरळच्या १९९८ च्या नियमांत घरांपासून ५० मीटर. इंग्लंडच्या १९०२ च्या दहन कायद्यात २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर, आणि सार्वजनिक रस्त्यापासून ५० यार्ड. त्या कायद्यात एक मजेशीर सवलत आहे: घराचा मालक, भाडेपट्टेदार आणि राहणारा यांनी लेखी संमती दिली तर २०० यार्डांची अट लागू नाही. हवेतले सूक्ष्म कण मोजण्याची साधने तेव्हा नव्हती. हा आकडा शेजाऱ्यांच्या भावना आणि वासाचा त्रास डोळ्यांसमोर ठेवून आलेला असावा. शिवाय त्याने बंधन घातले ते दहनगृह उभारणाऱ्यावर. दहनगृहाशेजारी नंतर घर बांधणाऱ्यावर नव्हे. कलम ४२-डच्या पट्ट्यात महाराष्ट्राची अडचण याच दुसऱ्या टोकाला आहे.

पन्नास, नव्वद आणि एकशे त्र्याऐंशी. तीन कायद्यांचे तीन आकडे. यातला बरोबर कोणता, हे ठरवायचे तर आधी चितेतून काय बाहेर पडते ते पाहावे लागते.

पारंपरिक चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागते. ग्रामीण भागात त्याच्यासोबत गोवऱ्याही असतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण असतात, आणि अर्धवट ज्वलनातून तयार होणारी बेंझिनसारखी रसायने असतात. हे कण नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. लाकूड ओले असेल तर ज्वलन अर्धवट राहते आणि धूर वाढतो. पावसाळ्यात ओले सरण पेटावे म्हणून डिझेल ओततात, कुठे जुने टायर टाकतात. मग त्या धुराची जात बदलते. टायर आणि प्लॅस्टिकचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. दातांच्या चांदीत सुमारे निम्मा पारा असतो आणि तो भट्टीत वाफ होऊन बाहेर पडतो, म्हणून ब्रिटनने २०१२ अखेरपर्यंत निम्म्या दहनांमधला पारा अडवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. आठवड्याला एखादी चिता जळणाऱ्या खेड्यात पाऱ्याची काळजी फार पुढची आहे. इथली काळजी साध्या धुराची आहे.

तो किती, याचा हिशेब मांडता येतो. महाराष्ट्राचा मृत्युदर हजारी पाच-सहाच्या आसपास आहे. दहा हजार वस्तीच्या गावात वर्षाला पन्नास-साठ मृत्यू, म्हणजे आठवड्याला साधारण एक. सगळ्यांचे दहन झाले तरी वर्षभराचे लाकूड पंधरा-वीस टन. शहराची गोष्ट निराळी. पुण्यात नवी पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत २०२१ च्या करोना लाटेत चिता आणि दाहिन्या थंड होत नव्हत्या, आणि आसपासच्या इमारतींमधून धुराच्या तक्रारी येत होत्या. तिथे धूर हा रोजचा शेजारी. खेड्यात तो आठवड्यातून एकदा येणारा पाहुणा. वर्षाची सरासरी काढली तर खेड्याचा आकडा नगण्य दिसेल, आणि इथेच फसगत होते. दम्याच्या रुग्णाला वर्षाची सरासरी कळत नाही. त्याला ते चार-पाच तास कळतात. सूक्ष्म कणांसाठी भारताचे चोवीस तासांचे मानक दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे १५. ही दोन्ही मानकेही पूर्ण दिवसाची सरासरी घेतात. चिता जळण्याच्या तासांत शेजारच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत काय गेले, ते दिवसाच्या सरासरीत विरघळून जाते.

यावर दोनच उपाय आहेत: धूर उंच सोडा किंवा लांब ठेवा. प्रदूषणशास्त्राचा एक ढोबळ नियम असा, की धूर बाहेर पडण्याची उंची दुप्पट केली तर जमिनीवर पोहोचणारी त्याची कमाल तीव्रता साधारण चौथाईवर येते. शहरांतल्या दाहिन्यांना तीसेक मीटर उंच चिमण्या असतात त्या यासाठीच. उघड्या चितेला चिमणी नसते. तिचा धूर माणसाच्या उंचीवरच पसरतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीवर झाकणासारखा बसलेला असला तर तो वर जातच नाही. तिथे अंतर हीच चिमणी. मोकळ्या रानात अंतर दुप्पट केले की धुराची तीव्रता निम्म्याहूनही बरीच खाली येते. म्हणून सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच आकडा ठरवणे अवैज्ञानिक आहे. चिमणी असेल तिथे अंतर कमी चालेल, उघड्या चितेला ते जास्त लागेल, आणि नियमात हे दोन्ही एकमेकांना बांधलेले हवेत.

मग खेड्यांनाही गॅसदाहिनी का देऊ नये? राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये लाकडाच्या चितेला पर्याय शोधायला सांगितले, तेव्हापासून ही सूचना अधूनमधून होते. ऐकायला बरी वाटते. पण आठवड्याला एका दहनासाठी भट्टी प्रत्येक वेळी थंडावस्थेतून तापवायची, चालवणारा माणूस पगारावर ठेवायचा, बिघडली तर शहरातून कारागीर बोलवायचा, हे गणित ग्रामपंचायतीला झेपणारे नाही. तालुक्याच्या गावी एक दाहिनी करून भोवतालच्या गावांनी तिकडे जावे, हे कागदावर सोपे आहे. माणूस मात्र आपल्या गावच्या मातीतच जायचे म्हणतो, आणि ते म्हणणे अडाणीपणाचे नाही. मधला मार्ग स्वस्त आहे. लोखंडी जाळीवर उचललेल्या सरणाला खालून हवा मिळते, लाकूड कमी लागते, ज्वलन पूर्ण होते. वर धुरांड्याचे छत्र बसवले तर धूर एका जागेतून वर जातो. आज गावोगाव बसवलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेमके उलटे होते: पत्रा धुराला वर जाऊ देत नाही, चारी बाजूंनी खाली ढकलतो. पावसापासून सरण वाचवायला ते शेड हवेच. पण माथ्यावर वाट ठेवायला वेगळे अनुदान लागत नाही. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनवलेले मोक्षकाष्ठ चितेसाठी वापरले जाते. उसाच्या पट्ट्यात पाचट बांधावर जाळून टाकण्यापेक्षा त्याच्या कांड्या करून पाहायला हरकत नाही.

अंतराचे दुसरे गणित जमिनीचे आहे आणि ते कडू आहे. ओट्यापासून १०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे पावणेआठ एकर जमीन येते. त्रिज्या २०० मीटर केली तर ३१ एकर. अंतर दुप्पट, जमीन चौपट. कालव्याखालच्या बागायत पट्ट्यात ३१ एकरांवर कुणाला घर बांधू नको म्हणणे म्हणजे अर्ध्या भावकीशी वैर. कडक नियम केला तर नव्या स्मशानाला जागाच मिळायची नाही, आणि जागा नसण्याचा त्रास धुराच्या त्रासापेक्षा मोठा आहे. स्मशानाला रस्ता नाही म्हणून गुडघाभर पाण्यातून तिरडी नेली, किंवा जागाच नाही म्हणून ग्रामपंचायतीसमोर सरण रचले, अशा बातम्या राज्यात पावसाळ्यात येतच असतात. म्हणून उघड्या चितेसाठी नव्या आणि जुन्या दोन्ही स्मशानांभोवती नव्या घराला १०० मीटर, शाळा आणि दवाखान्याला २०० मीटर, आणि धुरांड्याची सोय केली तर यात निम्मी सूट, एवढे बंधन पुरेसे आणि पाळता येण्याजोगे आहे. त्या पावणेआठ एकरांत ऊस लावायला बंदी नाही. फक्त घर नको. कलम ४२-डच्या सवलतीतून एवढे वर्तुळ वगळायचे आहे. आधीच तिथे राहणाऱ्यांना उठवण्याचा प्रश्न नाही. त्यांच्यासाठी धुरांडे हाच उपाय आणि तो ग्रामपंचायतीच्या खर्चाने.

दिशेचाही विचार व्हावा. दक्षिण ही यमाची दिशा म्हणून अनेक गावांनी स्मशान दक्षिणेला ठेवले. हिवाळ्यात वारा पूर्व-ईशान्येकडून येतो, तेव्हा दक्षिणेचा धूर गावापासून दूर जातो. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणजे दक्षिणेचा धूर गावाच्या अंगावर. आणि ओल्या सरणाचा सर्वांत दाट धूर याच महिन्यांतला. शास्त्र आणि रूढी इथे अर्धे वर्ष एकमेकांशी सहमत आहेत. नवी जागा निवडताना रूढीला धक्का न लावता आग्नेयेकडे थोडे सरकले तरी पावसाळ्यातला बराच धूर वाचेल. नदीकाठ पवित्र खरा, पण वीर धरणातून विसर्ग वाढला की नीरेचे पात्र फुगते. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीखाली, पक्का ओटा बांधणे म्हणजे अनुदान नदीत सोडणे.

स्मशानाच्या जागेचा वाद आरोग्याच्या भाषेत मांडला गेला की तो लगेच निष्पक्ष होतो, असेही नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत सरकारने सोनापूरची स्मशानभूमी शिवडीकडे हलवायचे ठरवले तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी त्याला विरोध केला आणि ती जागेवर राहिली. गिरगावातून शिवडीपर्यंत खांद्यावर प्रेत नेणे गरिबाला काय पडले असते, हे नकाशावर बोट ठेवणाऱ्याला दिसत नाही. खेड्यांत हीच गोष्ट जातीच्या रूपात येते. कित्येक गावांत वेगवेगळ्या समाजांच्या वेगवेगळ्या स्मशानजागा आहेत. कुणाची सातबाऱ्यावर, कुणाची फक्त वहिवाटीवर. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्या जागेची नोंदही नाही, आणि नवा अंतराचा नियम आला की पहिला अर्ज याच नोंद नसलेल्या जागेविरुद्ध पडेल. ‘आरोग्यास धोका’ हे दोन शब्द त्या अर्जावर फार सोयीने लिहिता येतात. त्यामुळे क्रम उलटा ठेवावा लागेल: आधी गावातल्या प्रत्येक वापरातल्या स्मशानाची नोंद आणि पोहोच रस्ता, मग अंतर, आणि ते सगळ्यांना सारखे. खरे तर गावाला सर्वांसाठी एकच स्मशान असावे. तसे झाले तर वर्तुळही एकच काढावे लागेल.

नोंदीची साधने हाताशी आहेत. ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी झाला आणि २०२१ मध्ये स्वामित्व योजना देशभर गेली. ही मोजणी वस्तीची आहे. गावठाणाबाहेरचे स्मशान तिच्या कक्षेत सहसा येत नाही. ड्रोन तेवढे दोनशे मीटर पुढे नेले असते तर पुढची कित्येक भांडणे वाचली असती. आता ते काम ग्रामसभेला आपल्या विकास आराखड्यात धरावे लागेल: ओट्याचा बिंदू, त्याभोवतीचे वर्तुळ आणि आतल्या गटांची यादी, गावनकाशावर आणि चावडीच्या भिंतीवर.

शेवटी पाण्याचे. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती आणि इतर काही समाजांत दफन करतात, लहान मुलांना तर बहुतेक सगळेच पुरतात. तिथे धूर नाही, पण जमिनीखालचे पाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने १९९८ मध्ये दफनभूमीसाठी सुचवलेली अंतरे अशी: पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून २५० मीटर, इतर ओढ्या-झऱ्यांपासून ३० मीटर, आणि खड्ड्याच्या तळाखाली किमान एक मीटर कोरडी माती. नीरा डाव्या कालव्यावर १८८० च्या दशकात पाणी सुटले आणि ऊस वाढला, तसे या पट्ट्यात पाणथळ आणि खारवट जमिनीही वाढल्या. काही ठिकाणी पाणी थोड्याच फुटांवर लागते. अशा जमिनीत कागदावरचे २५० मीटर पाळूनही उपयोग नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सप्टेंबरात, पावसाचे पाणी मुरलेले आणि कालव्याचे आवर्तन सुरू असताना, प्रस्तावित जागेत जेसीबीने दहा फूट खड्डा घ्यावा आणि रात्रभर उघडा ठेवावा. सकाळी तळाला पाणी दिसले तर ती जागा दफनासाठी नाही, मग ती सरकारी असो, फुकट असो की गावाने एकमताने ठरवलेली असो.